दवाखान्यासाठी चार माणसं मिळतात, चहासाठी नाही

पांढरकवड्यात कधी संध्याकाळी पाच-साडेपाचला चक्कर मारलीत तर जरा मान वर करून चाला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथे तीन-चार मजली अपार्टमेंटं बरीच उभी राहिली. त्यांच्या गॅलऱ्यांत, वाळत घातलेले कपडे आणि कूलर यांच्या मधल्या जागेत, खुर्च्या टाकून माणसं बसलेली दिसतील. रिटायर मास्तर, जिनिंगमधले हिशेबनीस, कुणाची आई, कुणाची आजी. रोज त्याच खुर्चीत. खालून कुणी ओळखीचं गेलं की हात वर करतात. त्यांच्याबद्दल विचारलं तर गावात उत्तर मिळतं, "आता काकाजी घरीच राह्यतेत." हे अशा सुरात सांगतात, जणू काकाजींनीच एक दिवस ठरवलं की पुरे झालं बाहेरचं जग.

काकाजींनी काहीही ठरवलेलं नाही. काकाजी आणि रस्ता यांच्यामध्ये पन्नासेक पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांचं काय करायचं हे ठरवायचा अधिकार आपण काकाजींच्या शेजाऱ्यांना देऊन ठेवला आहे. माझं भांडण या अधिकाराशी आहे.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. पांढरकवडा आगार, एकतीस वर्षं. नागपूर, यवतमाळ, वणी, आदिलाबाद. या पट्ट्यातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी माहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय अर्धामुर्धा परत आला. बोलणं शाबूत आहे, किंबहुना जीभ पहिल्यापेक्षा तिखट झाली आहे. काठी घेऊन ते हॉलमधून गॅलरीपर्यंत जातात, लांब जायचं तर व्हीलचेअर आहे. सपाटीवर ते कुठेही जाऊ शकतात. पण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, मोजून ५२ पायऱ्या, लिफ्ट नाही. मी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, आई-बाबा गावी. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हेच असेल, गावाचं नाव तेवढं वेगळं. वरोरा, पुसद, उमरखेड, चाळीसगाव.

लिफ्ट का नाही, याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडच्या बांधकाम नियमांत निवासी इमारतीला लिफ्टची सक्ती साधारणपणे १५ मीटर उंचीच्या वर सुरू होते. एक मजला तीन मीटरचा धरा. खाली पार्किंग आणि वर तीन-चार मजले केले की इमारत या रेषेच्या अलीकडे राहते. छोट्या गावातल्या बिल्डरला बाकी काही पाठ नसलं तरी ही रेषा पाठ असते. त्यात बेकायदेशीर काही नाही. ज्यानं रेषा आखली त्याच्या डोळ्यांसमोर हातात भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढणारा पस्तिशीचा माणूस होता. तोच माणूस पुढे पासष्टीचा होणार आहे, हे काही नियमात बसवलेलं नाही.

त्यात पार्किंगची गंमत बघा. पूर्वी तळमजल्यावर निदान कुणी राहायचं तरी. आता तळमजला गाड्यांना दिला आहे. म्हणजे ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी इमारतीत एकही घर नाही, आणि ज्यांना चढायची गरजच नाही त्या अॅक्टिव्हा आणि बोलेरो सगळ्यात सोयीच्या जागी. गेटपाशी सिमेंटचा छान उतार आहे, मोटरसायकलचं चाक आपटू नये म्हणून. कुणाही अपार्टमेंटवाल्याला विचारा, तो उतार करायला सर्वसाधारण सभा लागली होती का?

आता त्या यंत्राबद्दल, कारण बहुतेकांनी ते फक्त परदेशी सिनेमात पाहिलेलं असतं. स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्याच्या कडेनं बसवलेला एक रूळ आणि त्यावरून सरकणारी खुर्ची. लोकांना वाटतं भिंत फोडावी लागेल. लागत नाही. रूळ सहसा भिंतीला नव्हे, पायऱ्यांनाच बोल्टनं धरलेला असतो. रुळाला दाते असतात, खुर्चीखालच्या मोटरचं दातेरी चाक त्यात अडकून वर चढतं. खुर्ची वापरात नसली की हात, बैठक आणि पाय ठेवायची फळी दुमडून भिंतीशी जाते. वाटेत कुणाची चप्पल जरी आडवी आली तरी कडेचं बटण दबून ती जागीच थांबते. वर पोचल्यावर बैठक फिरते, त्यामुळे माणूस जिन्याकडे पाठ करून सपाट जमिनीवर उतरतो. आणि आमच्यासारख्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती चालते बॅटरीवर. भिंतीतला प्लग फक्त बॅटरी चार्ज करतो. उन्हाळ्यात लाइट गेली तरी बाबा मधल्या पायरीवर लटकून राहणार नाहीत. मोठ्या लिफ्टबद्दल हे सांगता येत नाही.

अडचण वळणांची. सरळ जिन्याचा रूळ स्वस्त, तयार मिळतो. आपल्या अपार्टमेंटचा जिना दर अर्ध्या मजल्यावर वळतो, म्हणजे वाकडा रूळ, तो त्या एकाच जिन्याच्या मापानं बनवून घ्यावा लागतो. तीन मजल्यांची वळणं आणि पंचवीसेक मीटरचा रूळ यांचं मला आलेलं कोटेशन साडेबारा लाखांचं होतं. खाली पोचायला चार मिनिटं. हे महाग आहे, मी नाकारत नाही. म्हणून मी आधी इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत लोखंडी सांगाड्यावर सगळ्यांसाठी लिफ्ट उभी करायचा प्रस्ताव दिला होता. १८ लाख, १२ फ्लॅट, प्रत्येकी दीड लाख, तेही हप्त्यांनी. पहिल्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "आमाले काय कामाची?" प्रश्न त्यांच्या जागी ठीकच होता. मग मी म्हटलं, राहू द्या. खुर्ची बसवतो, पूर्ण खर्च माझा, कर्ज माझ्या नावावर, दुरुस्ती माझी, नंतर काढली तर बोल्टची भोकं बुजवून देणं माझं. तुम्ही फक्त हो म्हणा.

बाराजणांपैकी नऊ जण हो म्हणाले, दोघं नाही म्हणाले आणि एक गप्प बसले. लोकशाहीत हे दणदणीत बहुमत झालं. पण आमची इमारत सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालची. त्या कायद्यात म्हटलंय की मालमत्तेच्या सुरक्षिततेला किंवा किमतीला बाधा येईल असं काम, किंवा कुठलीही मोठी भर, बाकी सगळ्या मालकांच्या एकमतानं संमती मिळाल्याशिवाय कुणी करायची नाही. एकमत! कुणी बिल्डिंगवर मजला चढवू नये म्हणून केलेली ही तरतूद. पायऱ्यांवर बोल्टनं बसवलेली खुर्ची ही 'मोठी भर' आहे का, हे कायदा सांगत नाही. त्यामुळे ते सांगतं दुसऱ्या मजल्यावरचं एक घर.

नाही म्हणणाऱ्यांचे मुद्दे मी मन लावून ऐकले, कारण ती माणसं वाईट नाहीत. बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यातल्या एका घरातून आईला रोज डबा यायचा. एक मुद्दा लाइटबिलाचा होता. तो मी जागेवरच सोडवला: ७० किलोचा माणूस, ५० किलोची खुर्ची, साडेआठ मीटर उंची. बारावीचं फिजिक्स. मोटर अगदी रद्दड धरली तरी एका युनिटमध्ये नव्वदेक फेऱ्या होतात. चार्जर दिवसभर लावून ठेवल्याचं धरूनही महिन्याला दहा युनिटच्या आसपास. पार्किंगमधला बल्ब रात्रभर जळतो तो याहून जास्त खातो, आणि तो कुणासाठी जळतो हे मी वर सांगितलंच. पोरं खुर्चीवर खेळतील, हा दुसरा मुद्दा. खुर्चीला किल्ली असते.

तिसरा मुद्दा मात्र खरा होता: जिना अरुंद होईल, आग लागली तर? जिना ही आगीत बाहेर पडायची एकमेव वाट आहे, तिथे काहीही ठेवताना दहा वेळा विचार व्हायलाच हवा. मी टेप घेऊन मोजलं. आमचा जिना चार फुटांचा, म्हणजे १२० सेंटीमीटरच्या जवळपास. दुमडलेली खुर्ची ४० घेते. उरतात ८०. त्यातून एका वेळी एक माणूस नीट उतरतो, दोघं शेजारी शेजारी नाही. हे पुरेसं आहे की नाही, हे मी ठरवू नये आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही ठरवू नये. नगर परिषदेच्या इंजिनिअरनं येऊन, मोजून, लेखी सांगावं. खुर्ची खालच्या पार्किंगमध्येच उभी करायची अट घालावी, वाटेत ती नसेलच. पण हा मुद्दा मांडला गेला त्या दिवशी त्याच जिन्यात दोन चपलांची कपाटं, एक पंक्चर सायकल, वाळलेली तुळस असलेली कुंडी आणि हिवाळ्यात ठेवणीतला कूलर होता. इतकी वर्षं त्या कूलरमुळे कुणी जळून मेलं नाही. आगीची आठवण झाली ती खुर्ची येणार म्हटल्यावर.

आणि मग ते वाक्य आलं, जे येणारच होतं. "एवढा खर्च करण्यापेक्षा खाली कुठं घर पाहून शिफ्ट काहून नाही होत तुमी?"

यावर माझ्याकडे एक उत्तर आहे, जरा वाकड्या वाटेचं. आमच्या गावावरून जाणारा हा ४४ नंबरचा हायवे, नागपूर-हैदराबादचा, तोच नागपूरच्या पलीकडे पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना वाघांची येण्याजाण्याची वाट तुटणार होती. वर्षानुवर्षं भांडणं झाली, कोर्टबाजी झाली, आणि शेवटी पेंचमध्ये नऊ ठिकाणी रस्ता वर उचलून जनावरांना खालून वाट दिली गेली. त्यातली एक तब्बल साडेसातशे मीटरची. आता वाघ तिथून ये-जा करतात, कॅमेऱ्यात दिसतात. मला याचा आनंदच आहे. टिपेश्वरच्या जंगलाशेजारी वाढलेल्या माणसाला वाघाची किंमत सांगावी लागत नाही. मुद्दा एवढाच की वाघाला कुणी म्हटलं नाही, एवढा खर्च करण्यापेक्षा तू हायवेच्या अलीकडेच शिफ्ट का होत नाहीस.

शिफ्ट व्हा म्हणणाऱ्याला वाटतं घर म्हणजे चौरस फूट. आईला तिथे तेरा वर्षं झाली. शेजारच्या काकूंकडे आमच्या घराची किल्ली असते. रात्री दोनला बाबा बाथरूमपाशी पडले तेव्हा समोरच्या दादानं एकट्यानं त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, मी पुण्यात झोपलो होतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी याची. ते सोडून त्यांनी खाली जायचं, का, तर जिन्याला बोल्ट पडू नयेत म्हणून?

याच ठिकाणी गावाकडची माणसं छातीवर हात ठेवून म्हणतात, "आमी हावो ना बाप्पा. कवाही आवाज द्या, चार पोरं घेऊन येतो." हे खोटं नाही. पोरं येतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबांना बसवतात, दोघं पुढून, दोघं मागून, आणि ५२ पायऱ्या उतरवतात. एकानं पाठ धरली, एकदा खुर्चीचा पाय मोडला, तरी येतात. यवतमाळला न्यूरोच्या डॉक्टरकडे जायचं असलं की येतात, रक्त तपासायला जायचं असलं की येतात, आणि पैसे देऊ केले तर रागावतात.

पण चौकात चहा प्यायला जायचं म्हणून चार पोरं बोलावता येत नाहीत. आगारात जाऊन जुन्या दोस्तांशी तासभर गाड्यांबद्दल बोलायचंय म्हणून नाही बोलावता येत. केळापूरच्या जगदंबेला जायचंय, कटिंग करायचीय, उगाच पाऊस पडून गेल्यावर रस्ता कसा दिसतो ते बघायचंय. कुठल्या तोंडानं बोलावणार? माणुसकीवर चालणाऱ्या व्यवस्थेत माणसाला फक्त आजारी पडायला बाहेर जाता येतं. बाबांनी गेल्या वर्षभरात बाहेरचं जे काही पाहिलं ते दवाखान्याच्या वाटेवर पाहिलं. आपण उपकाराला हक्काच्या जागी बसवलं की हेच होतं. उपकार करणारा कितीही मोठ्या मनाचा असला तरी मागणारा आपली मागणी छाटून छाटून एवढीशी करतो.

बाबा यावर एकदा बोलले. पोरांनी खुर्ची खाली टेकवली, सगळे धापा टाकत होते, आणि हे म्हणाले, "चार जनाईनं उचलाची येळ मान्साची एकदाच येते बे. मले दर म्हैन्याले काहून उचलता?" पोरं हसली. मीही हसलो. आई आत निघून गेली.

आता कायद्याकडे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. चांगला कायदा आहे. त्यात म्हटलंय की सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकामाला परवानगी द्यायची नाही, आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम आले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं जून २०२२ ला संपली. त्यानंतर १६ महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत विराली मोदी यांचं लग्न होतं. त्या व्हीलचेअर वापरतात, दिव्यांग हक्कांसाठी वर्षानुवर्षं काम करतात. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अधिकारी सहीसाठी खाली आले नाहीत. नवरीला दोन मजले उचलून न्यावं लागलं. त्यांनी ते एक्सवर लिहिलं, देशभर बोभाटा झाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. विशेष विवाह कायद्यातच लिहिलेलं आहे की लग्न कार्यालयात किंवा वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही लावता येतं. कायद्यानं खाली यायची मुभा दिलेली होती. लागत होत्या फक्त दोन मजल्यांच्या पायऱ्या, त्याही धडधाकट पायांनी उतरायच्या.

हे सरकारी कार्यालयाचं झालं, जिथे कायदा निदान स्पष्ट आहे. खाजगी अपार्टमेंटच्या जिन्यावर तो चाचपडतो. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात एक नेमकं दुखणं पकडलं: सुगम्यतेबद्दलचे सरकारचे निकष नुसते शिफारशीच्या भाषेत आहेत, 'करावे', 'करता येईल', आणि हे मूळ कायद्याशी विसंगत आहे. न्यायालयानं सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले. त्या निकालाचा रोख सार्वजनिक जागांवर होता. माझ्या बाबांना आधी स्वतःच्या घरातून सार्वजनिक जागेपर्यंत पोचायचंय.

आणि सरकारला हे ठाऊक नाही असं समजू नका. बरोबर सात वर्षांनी, १९ एप्रिल २०२४ ला, आमच्या चंद्रपूर मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. आम्ही १२-ड चा फॉर्म भरला होता. मतदानाच्या काही दिवस आधी कर्मचारी, पोलीस, व्हिडिओवाला, सगळे ५२ पायऱ्या चढून आले, हॉलमध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, बाबांनी मत दिलं, पाकीट बंद झालं, मंडळी चहा न पिता गेली. व्यवस्था उत्तम होती. बाबा म्हणाले, "सरकार तीन माळे चढून आलं, मत घेऊन खाली गेलं. मी वरच." राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं आहे. २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना काठी, पट्टा, खुर्ची घ्यायला एकदा तीन हजार रुपये मिळतात. तालुक्याच्या शिबिरात तीनचाकी सायकली वाटतात, फोटो निघतात. ती सायकल मिळालेला माणूस कितव्या मजल्यावर राहतो, हे कुठल्याही फॉर्मात विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझ्या कामाचं सांगतो, म्हणजे चीड का येते ते कळेल. आमच्या टीमला एका अमेरिकन क्लायंटच्या वेबसाइटचं काम आहे. तिथे एका बटणावरची अक्षरं आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ पेक्षा कमी भरला तर तिकीट उघडलं जातं. कमी दिसणाऱ्याला ते बटण वाचता यायला हवं. माझा मॅनेजर, जो एरवी कशालाही पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो, हे तिकीट ढकलत नाही. त्याच्या मनात अचानक करुणा दाटून येते असं नाही. अमेरिकेत १९९० पासून असा कायदा आहे की क्लायंटवर खटला होऊ शकतो, म्हणून. तीन दिवसांत एका फिकट राखाडी बटणाचा रंग बदलतो. हजारो मैलांवरच्या, मी कधीही न पाहिलेल्या माणसाला एक बटण दिसावं म्हणून मी रात्री अकरापर्यंत बसलो आहे. तिथे बसून कोणी म्हणत नाही, 'आपण मतदान घेऊ, बाकीच्या युजर्सना तो गडद रंग आवडतो का'.

अडचण सगळी या मतदानात आहे. काही देशांनी ती ओळखली. जर्मनीत फ्लॅटमालकांचा कायदा १ डिसेंबर २०२० पासून बदलला. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी सामायिक जागेत वाजवी बदल करून मागणं हा आता तिथे प्रत्येक मालकाचा हक्क आहे. बाकीच्या मालकांनी सभेत ठरवायचं ते एवढंच की काम कसं करायचं. करायचं की नाही, हा प्रश्न सभेच्या हातातून काढून घेतला. खर्च सहसा मागणाऱ्याचा. म्हणजे मी दिलेला प्रस्ताव तिथे प्रस्ताव नसता, नुसती सूचना असती. स्पेन आणखी पुढे गेला. तिथे इमारतीत अपंग किंवा सत्तरीपुढचं कुणी राहत असेल आणि घरमालकानं मागणी केली, तर सुगम्यतेचं काम इमारतीला करावंच लागतं, आणि वर्षाला बारा महिन्यांच्या देखभाल खर्चाएवढ्या रकमेपर्यंतचा वाटा सगळ्यांवर येतो. बहुमतानं होकार दिला तर त्यापुढचाही. आमच्याकडे देखभाल महिन्याला ५०० रुपये. बारा फ्लॅट, बारा महिने: ७२ हजार. यात खुर्ची येणार नाही, लिफ्ट तर नाहीच. पण कुणी किती द्यायचं हा आकडा कायद्यानं आधीच ठरवला, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना माझ्या बाबांच्या नशिबाचा निवाडा करत बसावं लागत नाही. त्यांचीही सुटका होते. सहा हजार द्यायचे आणि नेहमीसारखा डबा पाठवायचा.

'खाजगी मालमत्तेत असली सक्ती आपल्याकडे चालायची नाही' असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी काढून वाचावेत. लिफ्टच्या देखभालीचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, लिफ्ट वापरा किंवा वापरू नका, असं त्यात स्पष्ट आहे. पहिल्या मजल्यावरचा माणूस सातव्या मजल्यावरच्याची लिफ्ट मुकाट्यानं पोसतो आणि कुणाला ते अन्यायाचं वाटत नाही. तत्त्व मान्य आहे, फक्त लिफ्ट आधीपासून असलेल्या इमारतींपुरतं. म्हणजे सोय त्यांची, ज्यांची आधीच सोय झालेली आहे.

"आज यांना दिली, उद्या सगळेच मागतील," हे सभेतलं शेवटचं वाक्य होतं आणि मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटलं. आमच्या बारा घरांपैकी सात घरांत पासष्टीपुढचं कुणीतरी आहे. बोलणाऱ्या काकांचे दोन्ही गुडघे गेलेत, रेलिंग धरून ते एकेक पायरी तिरपे उतरतात. मुलगा बंगळुरूला, माझ्याच क्षेत्रात. त्याला मी मेसेज केला. त्यानं थम्ब्स-अप पाठवला, आणि वडिलांशी बोलतो म्हणाला. अजून बोलतोय.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणजे तुमचे गुडघे बहुधा बरे आहेत आणि वडिलांच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्हीही असाल, म्यूट करून. मी जो मसुदा यवतमाळचे जिल्हाधिकारी, आमचे आमदार आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय यांना पाठवला आहे, तो खाली देतो. वकिलाकडून भाषा सरळ करून घेतली आहे. गावाचं नाव बदला आणि पाठवा; पोच मागायला विसरू नका.

'अपार्टमेंट किंवा गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या दिव्यांग किंवा सत्तर वर्षांवरील व्यक्तीनं, किंवा तिच्या वतीनं घरमालकानं, सामायिक जिना वापरण्याजोगा करण्यासाठी लेखी मागणी केल्यास ती नाकारण्याचा अधिकार सभेस किंवा कोणत्याही सभासदास असणार नाही. काम कोणत्या पद्धतीनं व्हावं याबाबत सभेनं साठ दिवसांत निर्णय न घेतल्यास अर्जदारानं सुचवलेली पद्धत मान्य समजली जाईल. सुरक्षिततेबाबतचा आक्षेप स्थानिक प्राधिकरणाच्या अभियंत्यानं जागेवर मोजमाप करून लेखी नोंदवला तरच विचारात घेतला जाईल.'